मीझान महिन्यातले दोन दिवस

३ नोव्हेंबर

आश्रयाच्या मुलाखतीची तारीख आली. सात महिन्यांनी. कागदावर चार ओळी आहेत: २८ नोव्हेंबर, सकाळी नऊ, तिघांनीही हजर राहावे, तिघांचे जबाब वेगवेगळ्या खोल्यांत होतील.

आमच्या वकीलबाई मावजुदा म्हणतात, रोज थोडं लिहीत जा, तारखा आपोआप वर येतात. अनोळखी माणसाला सांगतोय असं समजून लिहा. तर अनोळखी माणसा, मी इस्मतुल्ला, वय एकेचाळीस. अफगाणिस्तानात, कुंदुजच्या न्यायालयात सतरा वर्षं मुहर्रिर होतो, म्हणजे जबाब लिहून घेणारा कारकून. निकालावर सही न्यायाधीशाची असते, पण उभं राहून वाचून दाखवतो तो मुहर्रिर. शिक्षा झालेल्याच्या ध्यानात चेहरा राहतो तो त्याचा. राज्य बदललं, तुरुंग उघडले, आणि ज्यांच्या शिक्षा मी वाचल्या होत्या ते बाहेर आले. त्यांतला एक, कारी सबूर, बारा वर्षांची शिक्षा झालेला कैदी, माझं घर शोधत आला. मी लपलो. मग आम्ही निघालो, आणि आता ताजिकिस्तानात, वहदतला, दोन खोल्यांत राहतो. मी, बायको शकेबा, आणि तेरा वर्षांची मुझ्दा.

एवढंच आहे. आता हे अशा रीतीने सांगायचं की ऐकणाऱ्याला खरं वाटलं पाहिजे. खरं असणं पुरत नाही, हे सतरा वर्षं पाहिलंय.

९ नोव्हेंबर

तारखांचा तक्ता पूर्ण केला. डावीकडे आमचे महिने, उजवीकडे त्यांचे. मी लपलो ते १२ मीझान ते ३० मीझान, म्हणजे ४ ते २२ ऑक्टोबर. एकोणीस दिवस. जागा: खानाबादला शकेबाच्या मामांचा तंदूर आहे, त्याच्या खालचं पिठाचं कोठार. ठाऊक होतं फक्त दोघांना, मामांना आणि शकेबाला. जागा मीच निवडली होती. न्यायालयात पळालेल्यांचे जबाब ऐकून ऐकून मला कळलं होतं, माणूस पकडला जातो तो जास्त लोकांना सांगितल्यामुळे.

त्या काळात शकेबा मुझ्दाला घेऊन घरीच. कारी सबूरची माणसं दोनदा आली, पेटी फोडली, मला विचारलं, गेली. मधले दोन दिवस, २१ आणि २२ मीझान, ती तिच्या बहिणीकडे, नफीसाकडे, अलियाबादला होती. तेवढे सोडले तर रोजचा हिशेब लागतो.

संध्याकाळी रहीमदाद काका आले. पूर्वी बघलानला बस चालवायचे. दोनदा मुलाखत दिली, दोनदा नापास. त्यामुळे सगळ्या वस्तीला शिकवण्याचा हक्क त्यांच्याकडे.

"मुहर्रिर, तक्ता बिक्ता ठेव बाजूला," म्हणाले. "मी सांगितलं लग्न उन्हाळ्यात झालं. बायको म्हणाली टरबुजं संपली होती. तो साहेब चष्मा काढून मला विचारतो, 'लग्न एकाच बाईशी झालं ना?'"

मुझ्दा हसून लोळायला लागली. शकेबाही हसली. तिला हसताना पाहून किती दिवस झाले, ते मात्र माझ्या तक्त्यात नाही.

१३ नोव्हेंबर

आज तालीम. मी साहेब झालो, टेबलाच्या पलीकडे बसलो. मुझ्दा छान बोलली, फक्त भरभर बोलते. शकेबाचं अवघड आहे. विचारलं तेवढंच बोलते, आणि तेही असं की जणू शेजारणीची गोष्ट सांगतेय.

"माणसं किती होती?"

"चार. दुसऱ्यांदा पाच."

"काय म्हणाली?"

"नवरा कुठाय."

"तुम्ही काय सांगितलंत?"

"माहीत नाही म्हटलं."

"२१ आणि २२ मीझानला तुम्ही कुठे होतात?"

ती उठली आणि किटली गॅसवर ठेवायला गेली. किटली भरलेली होती, चहा नुकताच झाला होता. मी म्हटलं, शकेबा, साहेबासमोर अशी उठून जाणार आहेस का? ती पाठमोरीच म्हणाली, "नफीसाकडे होते. किती वेळा सांगू?"

"मग तिच्याकडे काय जेवलीस ते सांग. ते असंच विचारतात."

"अहो, पुरे."

"पुरे कसं? एका शब्दावर आपल्याला सीमेवरच्या पुलापलीकडे, परत तिकडे ढकलतील. तुला कळतंय का?"

तेव्हा मुझ्दा ओरडली, "बाबाजान, तो प्रश्न सोडा ना! दुसरा विचारा!" आणि रडत आतल्या खोलीत गेली. मुलाखतीचं दडपण पोरीवरही आलंय. वकीलबाईंना सांगायला हवं.

१४ नोव्हेंबर

शकेबाच्या सवयींची यादी करावी का? साहेबाने विचारलं तर नवऱ्याला माहीत असलं पाहिजे. दिवा लावून झोपते. न्हाणीघराचं दार लावून घेत नाही, पडदा ओढते. डाव्या दंडावर तीन गोल डाग, तंदूरचे निखारे उडाले होते. कुंदुजला असताना असं काही नव्हतं, इथे आल्यावरच माझं लक्ष गेलं. परक्या गावात माणूस बदलतो.

१७ नोव्हेंबर

मागच्या गल्लीतल्या सुहराबच्या घरी सकाळी गाडी आली. कागदांची मुदत संपली होती म्हणे. दुपारपर्यंत चुलीवरचं पातेलं तसंच होतं. सहाजण होते, धाकटी दीड वर्षाची. संध्याकाळी फोन आला की त्यांना पुलापलीकडे सोडलं. सुहराब तिकडे पोलिसात होता. त्यानंतर फोन लागत नाही.

वस्तीत आज कोणी मोठ्याने बोललं नाही. रहीमदाद काकासुद्धा.

आमच्या कागदाची मुदत ३१ जानेवारी.

आजचं अक्षर गचाळ आलंय. सतरा वर्षांत एकदाही आलं नव्हतं.

१९ नोव्हेंबर

दुशान्बेला वकीलबाईंकडे. त्यांचं बोलणं म्हणजे आमचीच भाषा, फक्त तिला रशियन बटणं लावल्यासारखी. माझा बारा पानी जबाब त्यांनी वाचला. म्हणाल्या, "सुंदर लिहिलंय. आता तुम्ही बाहेर बसा, मला शकेबाजानशी एकटीशी बोलायचंय."

मी म्हटलं, आमच्यात लपवण्यासारखं काही नाही. त्या म्हणाल्या, "असं सगळेच म्हणतात. बाहेर बसा."

सव्वादोन तास. मी आणि मुझ्दा बाकावर. समोरच्या टपरीवरून दोघांत एक कुरूतोब, म्हणजे दह्यात भिजवलेली रोटी, आणला, तो तिने खाल्ला नाही. नुसती त्या दाराकडे पाहत होती. विचारलं, काय गं, भूक नाही? म्हणाली, "बाबाजान, आई सांगेल असं वाटतं तुम्हाला?"

"काय सांगेल?"

"काही नाही."

दार उघडलं तेव्हा वकीलबाईंचे डोळे लाल होते आणि शकेबाचे कोरडे. वकीलबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "इस्मतुल्लाजान, त्यांचा जबाब तुमच्या जबाबासारखाच असेल असं नाही. त्यांना त्यांचं सांगू दे. मुलाखत घेणारी बाईच असावी असा अर्ज मी करते."

"वेगळं म्हणजे काय?"

"ते त्यांचं आहे. मला सांगता येणार नाही. तुम्ही मात्र ज्याची खात्री नाही ते खात्रीने सांगू नका."

मला खात्री नाही असं काय आहे? तक्ता मी केलाय.

२२ नोव्हेंबर

हे पान लिहू नये असं वाटतं, तरी लिहितो.

मला शंका येते की शकेबा माझ्याविरुद्ध काही सांगणार आहे. मी तिला आणि पोरीला टाकून लपलो असं. म्हणेल तर ते खोटं नाही. पण मी बाहेर असतो तर तिघेही गेलो असतो. कारी सबूर बायकांच्या वाटेला जाणारा नव्हता, त्याला मी हवा होतो, हे सगळं शहर जाणत होतं.

किंवा तिला वेगळा अर्ज हवा असेल. एकट्या बाईला आश्रय लवकर मिळतो, असं रहीमदाद काका म्हणतात.

आज तिला सरळ विचारलं, "माझ्याबरोबर राहायचं नाही का तुला?"

ती मंतूच्या सारणासाठी कांदा चिरत होती. थांबली. "हे कुठून काढलंत?"

"मग वकिलाला काय सांगितलंस?"

"तुम्हाला एकोणीस दिवसांत एकदा तरी भीती वाटली का हो, की मी सांगून टाकेन?"

"नाही," मी म्हटलं. "तू कशाला सांगशील?"

तिने माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा कांदा चिरायला लागली. उत्तर बरोबर होतं असं मला वाटतं. बायकोवर विश्वास होता, हेच तर सांगितलं.

२८ नोव्हेंबर

झाली. क्रमाने लिहितो.

मी पहिला. साहेब तरुण, सभ्य. पन्नास मिनिटं. माझी एकही तारीख चुकली नाही. कोठाराची लांबी-रुंदी विचारली, पिठाची पोती किती होती ते विचारलं, सांगितलं. शेवटी कागद उलटून म्हणाला, "१३ आणि १४ ऑक्टोबरला तुमच्या पत्नी कुठे होत्या?"

मी मनात तक्ता पाहिला. २१, २२ मीझान. "अलियाबादला, बहिणीकडे."

"नक्की?"

"नक्की."

"तुम्ही तर कोठारात होतात. कसं कळलं?"

"तिने सांगितलं. माझी बायको खोटं बोलत नाही."

त्याने लिहून घेतलं. मी त्याचं अक्षर पाहत होतो. गचाळ.

मुझ्दाला वीस मिनिटं. शकेबाला तीन तास चाळीस मिनिटं. दोनदा दार उघडून कोणीतरी पाणी नेलं. बाहेर आली तेव्हा एका हाताने भिंत धरून चालत होती. रस्त्यावर आल्यावर तिने विचारलं, "त्या दोन दिवसांचं विचारलं का तुम्हाला?"

"हो. नफीसाकडे म्हणून सांगितलं. अगदी ठामपणे."

ती फुटपाथवर बसली. बर्फ होता, तरी बसली. मुझ्दाने तिला मिठी मारली आणि दोघी तशाच बसून राहिल्या. मी आपला वर उभा.

"काय झालं?" विचारलं.

"झालं सगळं," शकेबा म्हणाली.

११ डिसेंबर

पत्र आलं. 'पती-पत्नीच्या जबाबांत १३ व १४ ऑक्टोबरबाबत गंभीर विसंगती. पतीने २० डिसेंबर रोजी फेरजबाबासाठी यावे. समाधानकारक खुलासा न झाल्यास अर्ज फेटाळण्यात येईल.'

विसंगती हा शब्द मी किती जणांच्या जबाबाखाली लिहिला असेल. पुढे त्या माणसांचं काय झालं ते कधी पाहिलं नाही.

वकीलबाईंना फोन केला. म्हणाल्या, "घाईने काही ठरवू नका. घरी बोला. कृपा करून घरी बोला." घरी कोणी बोलत नाही. मुझ्दा शाळेतून येते आणि पांघरूण घेऊन पडते. सुहराबचं रिकामं घर आज मालकाने दुसऱ्यांना दिलं.

१४ डिसेंबर, दुपार

सापडलं! पुढच्या महिन्यात, अकरबमध्ये, आम्ही तिघं निघालो तेव्हा खरंच दोन रात्री नफीसाकडे मुक्काम केला होता. मीझान आणि अकरब, शेजारशेजारचे महिने. माझ्याही मनात तेच मिसळलं असणार. शकेबाने साहेबबाईंना सांगितलं असेल की मीझानमध्ये ती घरीच होती, आणि तेच खरं असेल. म्हणजे साधी महिन्याची चूक! नवा तक्ता केला, लाल शाईने बाण काढले. कोणाही साहेबाला पटेल. शकेबा बाजारातून आली की दाखवतो.

१४ डिसेंबर, संध्याकाळ

दाखवला.

तिने तक्ता हातात घेतला, नीट पाहिला. म्हणाली, "अक्षर सुंदर आहे." मग मुझ्दाला रहीमदाद काकांच्या बायकोकडे पाठवलं आणि माझ्यासमोर बसली. तक्ता उलटा ठेवला.

तिने सांगितलं. सरळ, न थांबता, अर्ध्या तासात. मी सतरा वर्षं लोकांचे जबाब घेतले, पण लिहायला हातात काही न घेता ऐकण्याची ही पहिली वेळ.

काय सांगितलं ते मी इथे लिहिणार नाही. तिने ते तिच्या जबाबात लिहून दिलंय. इथे माझ्यापुरतं लिहितो. दुसऱ्यांदा माणसं आली ती पेटी फोडून गेली नाहीत. तिला घेऊन गेली. मुझ्दाला शेजारणीने भिंतीवरून ओढून घेतलं. २१ मीझानच्या सकाळपासून २२च्या संध्याकाळपर्यंत त्यांनी तिला एकच प्रश्न विचारला. उत्तर तिला माहीत होतं.

ती परत आली तेव्हा दार मुझ्दाने उघडलं. तेव्हा ती बारा वर्षांची होती.

मी विचारलं, "मला का नाही सांगितलंस?"

"सांगणार होते. तुम्ही कोठारातून बाहेर आलात, आणि पहिलंच वाक्य काय बोललात आठवतं? 'बघ, जागा कशी निवडली होती.'"

मला आठवलं.

१६ डिसेंबर

काल दिवसभर मी पाणी भरलं, भाकऱ्या आणल्या, तिच्या पुढ्यातलं ताट उचललं, दोनदा रडलो. आज सकाळी ती म्हणाली, "अहो, दिवसभर असं चांगलं वागू नका माझ्याशी. मला थकायला होतं."

मग काय करू, विचारलं.

"काही करू नका. मला थोडा वेळ द्या. आणि वीस तारखेला जे खरं ते सांगा."

"सगळं?"

"माझं मी सांगितलंय. तुमचं तुम्ही सांगा."

मुझ्दा आज कोपऱ्यात बसून इतिहास पाठ करत होती. मी जवळ गेलो. म्हटलं, तू एकटीने हे एवढं वागवलंस. ती पुस्तकातून मान वर न करता म्हणाली, "आईने शपथ घातली होती. म्हणाली, बाबांना कळलं तर ते स्वतःहून कारी सबूरकडे जातील." मग म्हणाली, "गेला असतात का?"

तो प्रश्न इथे तसाच लिहून ठेवतो.

२० डिसेंबर

तोच तरुण साहेब. कोरा कागद पुढ्यात.

"१३ आणि १४ ऑक्टोबर. गेल्या वेळी नक्की म्हणालात."

"मला माहीत नव्हतं," मी म्हटलं. "ज्याची खात्री नव्हती ते मी खात्रीने सांगितलं."

"आता माहीत आहे?"

"सहा दिवसांपूर्वी कळलं."

"चौदा महिने एका घरात राहून कळलं नाही, हे मी कसं मानू?"

मी सांगितलं की ती दिवा लावून झोपत होती ते मी पाहिलं. दार बंद करत नव्हती ते पाहिलं. दंडावरचे डाग पाहिले, आणि विचारण्याऐवजी तंदूरचे आहेत असं स्वतःच ठरवलं. माझी मुलगी माझ्यासमोर रडली आणि मी ते मुलाखतीचं दडपण समजलो. मी म्हटलं, "साहेब, माझा सगळा जबाब असा आहे की मी हुशारीने लपलो म्हणून वाचलो. ते पान काढून टाका. मी जिवंत आहे तो तिने सांगितलं नाही म्हणून."

"त्यांनी काय भोगलं ते तुमच्या शब्दांत सांगाल?"

"नाही. तिने तुम्हाला सांगितलंय. माझ्या तोंडून ऐकून ते जास्त खरं होणार नाही."

साहेबाने कागद पुढे ओढला. मग लिहिलं. काय लिहिलं ते या वेळी मी डोकावून पाहिलं नाही. बाहेर आल्यावर जिन्यातच बसलो. वाटलं, खुलासा मागितला होता, मी तो दिलाच नाही. मीच बुडवलं घर.

१९ जानेवारी

काही नाही. पत्र नाही, फोन नाही. मुदत संपायला बारा दिवस. वकीलबाईंनी मुदतवाढीचा अर्ज दिलाय, त्याचंही उत्तर नाही. तिघांच्या कपड्यांची एक पिशवी दाराशी भरून ठेवलीय. गाडी आली तर पातेली वगैरे घ्यायला वेळ देत नाहीत. शकेबाने त्यात मुझ्दाची पुस्तकं भरली. मी बाहेर काढली, तिने परत भरली.

शकेबा आता दुपारी थोडी झोपते. मी त्या वेळी बाहेर ओट्यावर बसतो, कोणी दार वाजवू नये म्हणून. तिने तसं सांगितलेलं नाही. बसू नका असंही म्हणालेली नाही.

२७ जानेवारी

वकीलबाईंचा फोन. "इस्मतुल्लाजान, बसलाय का? फोन शकेबाजानना द्या."

दिला. शकेबा ऐकत होती. "हो," म्हणाली. "हो. हो." मग फोन ठेवला आणि ओढणीने तोंड झाकून इतकी मोठ्याने रडली की रहीमदाद काका अनवाणी धावत आले. त्यांना वाटलं नकार आला. तेही रडायला लागले. खरं काय ते कळायला पाच मिनिटं गेली.

आश्रय मिळाला. शकेबाला. निकालात लिहिलंय की तिचा जबाब विश्वासार्ह आहे. माझ्याबद्दल एकच ओळ: पतीचा स्वतंत्र दावा पुरेसा सिद्ध होत नाही, तथापि कुटुंबीय म्हणून त्याला संरक्षण लागू राहील.

ओळ मी चारदा वाचली. तिच्यात मला एकही चूक सापडली नाही.

३ फेब्रुवारी

कागद घ्यायला दुशान्बेला गेलो. खिडकीशी रांग. आमचा नंबर आला तेव्हा आतल्या बाईने मान खाली घालूनच विचारलं, "कुटुंबप्रमुख?"

सवयीने मी पुढे झालो होतो. मागे सरलो. शकेबा पुढे आली, तिने तिचं नाव सांगितलं, वडिलांचं सांगितलं, जन्मगाव सांगितलं. आवाज खणखणीत. मुझ्दाचं नाव सांगितलं, वय, इयत्ता.

"आणि हे?" बाईने पेनाने माझ्याकडे दाखवलं.

शकेबाने वळून माझ्याकडे पाहिलं. इतका वेळ पाहिलं की खिडकीतल्या बाईने मान वर केली आणि रांगेतल्या कोणीतरी "चला ना" म्हटलं. बोलण्याचा हक्क माझा नव्हता.

"नवरा," ती म्हणाली. "लिहा. माझ्याबरोबर आहेत."